साहेब ओळखायची रीत

“सुटाबुटातला माणूस आला तर तो साहेब न्हाई, एवढं ध्यानात ठेवा,” चतुराबाईनं बजावलं.

बन्सीधर चपलेत पाय सरकवता सरकवता थांबला. “मग साहेब कोणता?”

“जो साहेबावानी दिसत न्हाई तो. दर गुरुवारी बघता न्हवं?”

बघत होता. सगळी गल्लीच बघत होती. पाथरीच्या त्या गल्लीत टीव्ही एकच, लाकडी दारांचा, बन्सीधरच्या घरचा. दर गुरुवारी त्यात एक कुटुंब यायचं, गुंत्यात पार अडकायचं आणि अर्ध्या तासात हसत हसत सुटायचं. चतुराबाईला त्याचे नियम तोंडपाठ होते. शेजारीण नको त्या वेळी घरात घुसते. कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि जेवायला बोलावलेला बडा माणूस हमखास फाटक्या वेशात येतो; घरचे त्याला दारातून हाकलतात आणि मग तोंडात मारून घेतात.

“आपून तसलं करायचं न्हाई,” ती म्हणाली. “मला गडचिरोलीला जायचं न्हाई.”

बन्सीधरची बदली गडचिरोलीला निघाली होती. ती थांबवणं परभणीला आलेल्या नव्या साहेबाच्या हातात होतं. साहेबाला अजून कुणी पाहिलं नव्हतं. गुरुवारच्या मालिकेचा त्याला भारी नाद आहे, एवढीच खबर होती. म्हणून जेवण गुरुवारचंच ठरलं, आणि नेमक्या त्याच दिवशी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दुरुस्तीवाल्याला निरोप धाडून बन्सीधर साहेबाला घ्यायला एसटी स्टँडवर गेला.

तो कोपऱ्यावरून वळला असेल नसेल, दारात माणूस हजर. कडक इस्त्रीचा सफारी, चकचकीत बूट, खिशाला पेन.

“नमस्कार. मी जरा लवकरच आलो. मी—”

“लवकर? आमी सकाळपून वाट बघायलोत,” चतुराबाई म्हणाली. “मुंग्या आल्यात.”

“मुंग्या?” माणसाचा चेहरा उतरला. “आज? गुरुवारी?”

“तेच म्हणते मी. ती बघा शिडी. माळवदावर चढा अन् अँटेना फिरवा.”

“पण मी—”

“मालिका सुरू व्हायला येळ न्हाई ऱ्हायला!”

माणसानं घड्याळ पाहिलं, बूट काढले आणि शिडी चढला.

साखर मागायला आलेली शेजारीण कडूबाई वाटी हातात धरून बघतच राहिली. “दुरुस्तीवाला लय झोकात हाय गं.”

“मग? सांगितलं न्हवं? सुटाबुटातला.”

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. गुडघ्यावर ठिगळ लावलेला पायजमा, दोरीनं बांधलेली चप्पल, खांद्यावर कळकट झोळी.

“माय, पाणी मिळंल का?”

नियम जसाच्या तसा उंबऱ्यात उभा होता.

“या, या, साहेब! आत या!”

माणूस क्षणभर थबकला. मग मिशीत हसला. “वळखलं म्हणायचं मला.”

“आमी काय आज बघायलोत व्हय?”

पाट मांडला गेला. पुरणपोळी, येळवणी, भजी. साहेब मान खाली घालून जेवत होते. तुपाची वाटी चतुराबाईला पुन्हा भरून आणावी लागली.

“किती साधं जेवतेत,” कडूबाई कुजबुजली.

“साधं कशाचं? पातेलं खरवडायलेत,” चतुराबाई म्हणाली, पण कौतुकानं.

साहेब मधूनच चौकशी करत होते. घरात कोण कोण असतं? मालक कुठं गेलेत? टीव्ही कुठून आणला? बडी माणसं अशीच, सगळं बारकाईनं बघतात.

वरून आवाज आला, “आता दिसतंय का?”

“न्हाई!” कडूबाई ओरडली. “अजून उगवतीकडं!”

बन्सीधर घाम पुसत परतला. “एसटी आली, साहेब न्हाई आला. सपलं सगळं.”

“हळू बोला,” चतुराबाई म्हणाली. “साहेब ढेकर द्यायलेत.”

बन्सीधरनं पाटावरच्या माणसाकडं पाहिलं, चपलेच्या दोरीकडं पाहिलं आणि हात जोडून कमरेत वाकला. “साहेब, माझ्या बदलीचं तेवढं...”

“बघू की,” साहेब हात पुसत म्हणाले. “त्यात काय येवढं?” मग त्यांची नजर टीव्हीवर स्थिरावली. “हे मात्र इथं नीट व्हायचं न्हाई. मी संगं घिऊन जातो.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. दोघांनाही एकदमच उमगलं, बदलीचा भाव ठरला होता.

“द्या,” चतुराबाई नवऱ्याला म्हणाली. “गडचिरोलीत तसंबी काय दिसणार हाय?”

“अन् वरचा? त्यानं बघितलं तर गावभर करंल की!” कडूबाईनं आठवण दिली.

चतुराबाई धावत अंगणात गेली. “ओ दुरुस्तीवाले! खाली येऊ नगा! अँटेना धरून ऱ्हावा! उगवतीकडंच बघा!”

“धरलंय! दिसलं की सांगा!”

बन्सीधरनं टीव्ही नव्या चादरीत गुंडाळला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मागल्या दारानं टांग्यात नेऊन ठेवला. साहेबांना हात देऊन वर चढवलं. टांगेवाल्याचं भाडंही त्यानंच दिलं.

“सुखात ऱ्हावा,” साहेब म्हणाले, आणि टांगा भरधाव निघाला.

बन्सीधर घरात आला. कोनाड्यात अँटेनाची वायर तेवढी लोंबत होती. तो भिंतीला टेकून बसला. “सुटलो एकदाचे.”

“अर्ध्या तासाच्या आत,” चतुराबाईनं डोळे पुसले आणि हसली. “बोलवा आता त्या दुरुस्तीवाल्याला खाली.”

बोलवायची गरज पडली नाही. माळवदावरून आवाज आला,

“बन्सीधर, तुमचाच आवाज ना? तुमच्या बदलीचं आपण जेवताना बोलू. आधी सांगा, आता दिसतंय का?”