पहिली लावणी

पायांवरून वस्तरा फिरवला की संपतच्या नाजूक कातडीची आग व्हायची. आज तर पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं होतं, आणि संध्याकाळी त्याच्या लावणीचा पहिला कार्यक्रम होता. गार पाण्याचा फडका पायांवर ठेवून तो स्वतःशीच म्हणाला, “नाचायचं म्हणजे नाचायचं.”

पोरगा बाईचा वेश घेणार म्हणून अबोला धरलेले वडील दारात येऊन उभे राहिले. “खाजवू नकोस,” म्हणत त्यांनी परसातली कोरफड कापून आणली, पिवळा चीक धुतला आणि गर हलक्या हाताने त्याच्या पायांना लावला.

“अण्णा, लोक तुम्हाला हसतील.”

“हसू देत. हे वाळल्याशिवाय पायांत चाळ बांधू नकोस.”

संध्याकाळी पडदा उघडला. पहिल्या रांगेत अण्णा फेटा बांधून बसले होते. संपतने पहिलाच पाय दणकून मारला.