रिकामी चाचणी

खंडेनवमीला जनरेटरवर घातलेला झेंडूचा हार वाळून हवेच्या जाळीला चिकटला होता. यशोधराने तो काढला आणि इंजिन चालू केलं. ते एका झटक्यात सुरू झालं.

"झालं ना? आता बंद कर," स्पीकरमधून आप्पा म्हणाले.

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्मृतिसदनातल्या इतर शेकडो मृतांसारखे तेही आता यंत्रांतच नांदत होते, पण लेकीच्या कामात तोंड घालायची खोड काही गेली नव्हती.

"आप्पा, नुसतं रिकामं चालवून इंजिनात काजळी धरते. आज तुम्हा सगळ्यांचा भार त्याच्यावर टाकून बघायलाच हवा."

"भार बदलताना क्षणभर सगळं जातं, यशू. मेलो तेव्हा गेलं होतं ना, अगदी तसंच. पुढच्या महिन्यात बघ."

मागच्या महिन्यातही ते हेच म्हणाले होते, आणि त्याच्या मागच्याही. जनरेटरची पूजा कधी चुकली नव्हती. ही चाचणी मात्र दरवेळी पुढे गेली होती. यशोधराने भार बदलायच्या खटक्यावरचा हात काढून घेतला आणि इंजिन बंद केलं.

दुपारी खरोखरच वीज गेली. इंजिन आपोआप एका झटक्यात सुरू झालं, सगळ्या सदनाचा भार त्याच्या अंगावर आला आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर उसळला. इंजिन धापा टाकू लागलं. यशोधरा धावत आत आली.

"नको म्हटलं होतं ना गं तुला?" वीज गेल्याचा पत्ताच नसलेल्या आप्पांचा थकलेला आवाज स्पीकरमधून आला. "बरं, झाली ना तुझी चाचणी? आता बंद कर."