दुपट्ट्याखालची बोटं

यवतमाळच्या पेरणीयंत्रांच्या कारखान्यातली उर्वशी रोज डिझायनरांच्या ग्रुपवर सॉफ्टवेअरची नवी युक्ती टाकायची. खाली अंगठे उमटू लागले, की शेजारच्या टेबलावरच्या संघदीपच्या पोटात दुखायचं. वाकवलेला पत्रा स्क्रीनवर झटक्यात सपाट करायची त्याची युक्ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. बटणं दिसू नयेत म्हणून तो उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा कीबोर्डवर टाकून आत बोटं चालवायचा. आज अपडेट आलं आणि दुपट्ट्याखाली बोटं आपटून थकली, तरी पत्रा सपाट होईना. “दादा, ती कमांड आता उजव्या मेनूत गेली,” उर्वशी हळूच म्हणाली. “तुले कसं माहीत?” “दुपट्टा पातळ हाय. पहिल्या दिवसापासून दिसून राह्यलं.” “मंग ग्रुपवर काहून नाही टाकली?” “तुमची युक्ती मी कायले टाकू?” पत्रा सपाट झाला. संघदीपला वाटलं, हिनं चोरली असती, तर निदान सुखानं जळता आलं असतं.