चार वाजताची सावली

"रोज चारला मिटतो," शोभेच्या माशांचा दुकानदार लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणाला. "सोमवारी चार, मंगळवारी चार. सहा-सात मिनिटं दाराला कडी लावून बसतो गडी, आणि मग हळूहळू उघडतो."

"दुपारचंच बघा," मास्तरांची बायको म्हणाली. "सकाळी ठणठणीत असतो."

मास्तर आपल्या काचेच्या टाकीपुढे उभे होते. टाकीत खारं पाणी, पाण्यात दगड आणि दगडाला घट्ट धरून बसलेला त्यांचा जिवंत शिंपला. आणला तेव्हा बटणाएवढा होता, आता तळहाताएवढा झालेला. दिव्याखाली निळी झालर पसरून बसायचा, कारण उजेड हेच त्याचं निम्मं जेवण. मास्तर स्वतःच्या मुलांचे वाढदिवस विसरले असतील, पण पाण्यातलं मीठ तपासायला तीन वर्षांत एक दिवस विसरले नव्हते.

आणि गेला महिनाभर स्वारीचं बिनसलं होतं. झालर आक्रसली होती, रंग उतरला होता. मास्तरांनी पाणी बदललं, कॅल्शियम वाढवलं, दिवा वर केला, खाली केला. शिंपल्याला चिकटून त्याचा जीव शोषणाऱ्या बारीक गोगलगायी असतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून ब्रशने शिंपला घासून काढला. ब्रश दातांचा होता. तो त्यांनी धुऊन पुन्हा बायकोच्या ब्रशशेजारी ठेवला. त्यावरून घरात जे झालं ते झालं.

शेवटी दुकानदाराने आठवडाभर काचेला एक छोटा कॅमेरा चिकटवून ठेवला होता. त्यात शिंपल्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. निदान झालं नाही तर शिंपला आजच दुकानात परत जाणार, असं बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मला तर आजार वाटत नाही," दुकानदार म्हणाला. "हा दचकतोय. याच्या झालरीच्या कडेला डोळे असतात, काका. शेकडो. बाकी काही कळो न कळो, वरून सावली सरकली की कळते. सावली आली की हा मिटणार. आणि सारखा मिटत राहिला तर उपाशी मरणार."

मास्तरांनी हळूच वर पाहिलं.

टाकीच्या वर एक फळी होती. फळीवर महिनाभरापासून पाहुण्यांसाठीचा बिस्किटांचा डबा होता. स्टुलावर चढून, दिव्यापुढून आडवं होऊन हात लांब केला तरच तो हाताला लागायचा. आणि डॉक्टरांनी मास्तरांची साखर बंद केल्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्याच दिवशी, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली होती, "तुम्ही नाही, तर मीही नाही." तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पस्तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडणारा माणूस! पोरांच्या बाहीतली चिठ्ठी त्यांना पाठमोरं असतानाही दिसायची. आणि आता हा माणूस स्टुलावर चढून क्रीमचं घ्यावं की नारळाचं, याचा विचार करत उभा राहायचा. डबाही मेला इतका भराभर रिकामा व्हायचा की आपण एवढे अधाशी कधी झालो, याची त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

"कसली आलीय सावली?" बायको म्हणाली. "चारला मी गच्चीत वाळलेले कपडे काढत असते. हे पेपर वाचत असतात. घरात तिसरं माणूस नाही. आजारच आहे तो. घेऊन जा."

"तसं असेल तर मग..." दुकानदाराने बादली पुढे ओढली. पिशवीतून पातळ पातं काढलं. "दगडाला पकडून बसलाय. कापून सोडवावा लागेल. नीट सुटला तर ठीक, नाहीतर सांगता येत नाही."

बाह्या वर सारून त्याने हात पाण्यात घातला. शिंपला फटकन मिटला.

"थांबा!" मास्तर ओरडले. "ती सावली माझी आहे!"

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. स्टूल, डबा, क्रीमचं, नारळाचं, सगळं. मान खाली घालून, कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखं.

बायकोने कमरेवर हात ठेवले. "शाबास! वर्षभर चहा बिनसाखरेचा पितेय मी! कुणासाठी? लोक खीर वाढतात, मी नको म्हणते. कुणासाठी? आणि तुम्ही या वयात स्टुलावर चढताय? पडला असता म्हणजे? लाज नाही वाटली?"

"वाटली," मास्तर म्हणाले. "रोज वाटायची."

दुकानदाराने पातं पिशवीत टाकलं. नवराबायकोच्या भांडणात कुठे बघावं हे न सुचून तो पुन्हा लॅपटॉपकडे वळला आणि उगाच सकाळचं चित्रण मागे-पुढे करत बसला.

"शिंपल्याला काही झालेलं नाही, काका," तो म्हणाला. "डबा तेवढा हलवा. फक्त एक सांगा. सकाळी अकराची सावलीपण तुमचीच ना? ती जरा मोठी आहे. नऊ-दहा मिनिटांची."

"अकराला?" मास्तर म्हणाले. "अकराला मी वाचनालयात असतो."

दोघांनीही सावकाश मान वळवली. बायकोचे हात कमरेवरून खाली आले.

"तुम्ही बिचारे एवढं पथ्य पाळत होतात," ती म्हणाली. "तुमच्यासमोर खाल्लं असतं, तर घास उतरला असता का माझ्या घशाखाली?"