हलक्या हाताने

"पुन्हा तेच, मॅडम," सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत शाल्मली म्हणाली. "कोवळ्या पेशीही चिकटलेल्या आणि तयार पेशीही."

मी वैतागले. प्लेटच्या खळग्यांना तळाशी आम्ही फायब्रोनेक्टिन लावलं होतं, अस्थिमज्जेत पेशींना धरून ठेवणारं प्रथिन. रोगाशी लढणाऱ्या पेशी लहानपणी त्याला घट्ट धरून वाढतात आणि तयार झाल्या की ते सोडून रक्तात उतरतात. एवढंच दाखवायचं होतं. तीन महिने जमत नव्हतं.

"धुतेस कशी, दाखव बघू."

तिने पिपेट कडेला टेकवून द्रावण थेंबथेंब सोडलं. धुणं कसलं, नुसतं ओलं करणं होतं ते.

"अगं, अशाने सुटलेल्या पेशीही जागच्या जागी बसून राहतील! कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच, मॅडम. चार वर्षांपूर्वी. माझ्या हातून तेव्हा सगळ्याच वाहून जायच्या."

"आता हात जरा मोकळा सोड," मी म्हटलं.

तिने सोडला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कोवळ्या पेशी तळाला घट्ट होत्या. शेजारचा खळगा जवळजवळ रिकामा होता.

"तयार होत्या त्या गेल्या," ती हसली.

जर्मनीला जाण्यासाठी तिने मागितलेलं शिफारसपत्र महिनाभर माझ्या खणात सहीविना पडून होतं. "इतक्यात नको, अजून तयार नाहीस," असं मी दर आठवड्याला सांगत होते.

मी खण उघडला.

"पेन दे गं तुझं."