फुकटचा मोर

हौसाबाईंच्या मोबाइलमधल्या खेळातल्या शेतावर जाहिरात नाचत आली. "मावशी, मोर फुकट! नुसता अंगठा टेका."

गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या शेतावर मोर होता, हौसाबाईंच्याच नव्हता. पण तीस वर्षं मंडईत भाजी विकलेली बाई ती! नव्या कायद्याने जाहिरातीला तिसऱ्यांदा विचारलं की खरं बोलावंच लागे. त्यांनी तीनदा विचारलं.

"दर आठवड्याला नव्वद रुपये कापणार," जाहिरात पुटपुटली.

"मग राहू दे." मोबाइल पालथा ठेवून हौसाबाई निघाल्या.

"अहो मावशी, या इकडे! खरंच फुकट देते!"

तेही तीनदा वदवून घेतल्यावर, गिऱ्हाइकांकडून जन्मभर ऐकलेलं वाक्य आज त्यांच्या तोंडी आलं. "आणि वर कोथिंबीर?"

मोर चोचीत जुडी घेऊनच उतरला.