बगळ्याच्या पोटावरचा डाग

डाग पहिल्यांदा धाकटीनंच पाहिला. "अगं बाई!" म्हणाली, आणि सकाळपासून चाललेली तिची टकळी एकदम बंद. बगळ्याच्या पांढऱ्याशुभ्र पोटावर मोहरीएवढा ठिपका. लालभडक.

म्हणजे बघा, शेकोटीपुढे उभा करायचा हा जुना पडदा, दीडशे वर्षांचा. आच थेट तोंडावर येऊ नये म्हणून मोठ्या घरांतून असायचे ना, तसला. लाकडी चौकट, आत रेशीम, रेशमावर भरलेला बगळा. पोटाकडचे टाके झिजून गेलेले, ते दोघी जावा तीन आठवडे नव्यानं भरत होत्या. मध्ये चौकट आडवी, या बाजूला थोरली, त्या बाजूला धाकटी. दोघींचा एक हात रेशमाच्या वर, एक खाली. खालचा हात काही दिसत नाही. सुई कुठं आली ते बोटांनीच ओळखायचं.

आणि थोरलीच्या बोटांना दोन महिने झाले, काहीच कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, सुई नाही. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं तिनं. सांगितलं की चौकटीपुढची खुर्ची गेली, म्हणजे कामच गेलं, आणि दुसरं काही तिला येतच नव्हतं. मग ती कानांनी भरायची. सुई रेशमातून खाली येताना बारीकसं टप् वाजतं ना, त्यावर. आज धाकटीनं वरच्या मजल्यावरच्या बाईच्या पळालेल्या मांजराचं आख्खं पुराण लावलेलं. टप् कुठलं ऐकू येतंय!

बाई आल्या. भरतकामाचा हा कारखाना त्यांचाच.

"कुणाचं रक्त हे?"

थोरलीनं दोन्ही हात मांडीवर घेतले, मुठी मिटून.

"माझंच असणार, बाई," धाकटी म्हणाली. "मघाशी टोचल्यासारखं झालं होतं. ताईंच्या हातून व्हायचंय होय असलं! एकवीस वर्षांत एक ठिपका नाही त्यांचा."

"मग बघत काय बसलीस? घाल दोरा तोंडात."

या कामातली सगळी माणसं एक गोष्ट पक्की मानतात. रेशमावर रक्त पडलं की पाणी नाही, साबण नाही. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लागते. सुती दोरा चावून ओला करायचा, गोळी करायची आणि डागावर टेकवत राहायची, बस.

धाकटीनं दोरा चावला. टेकवला, पुन्हा टेकवला. डाग हलेना. उलट कडेनं पिवळट पसरला, बगळ्याला कावीळ झाल्यासारखा.

"निघतोय, निघतोय," ती नाक ओढत पुटपुटत होती.

"डोंबल निघतोय! वर्षभर दोरे गुंडाळलेस, आता कुठं सुई हातात दिली तर हे दिवे. उद्यापासून परत दोरेच गुंडाळ. सुईला हात लावायचा नाही."

धाकटीनं मान डोलावली. डोळे पुसले तेही पदरानं नाही, कोपरानं, रेशमाला लागू नये म्हणून.

थोरली बघत होती. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटेल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा. वाटलं नाही. मग तिनं रिळावरून दोरा ओढला, कात्रीनं तोडला आणि तोंडात घातला.

"अहो ताई, तुम्ही कशाला? माझं आहे ते."

थोरली चावत राहिली. गोळी केली, डागावर टेकवली. एकदा. दोनदा. चौथ्या वेळी गोळी गुलाबी झाली आणि पोट पांढरं. तिथं कधी काही नव्हतंच जणू.

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं.

"तुझं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"अगं, मग मघाशी का नाही बोललीस? कुठं टोचलं?"

थोरलीनं दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. आधी एक उलटा केला, मग दुसरा.

"थांबा," ती म्हणाली. "बघून सांगते."